ढोलकीवाल्या आजोबांची झोप

‘‘डॉक्टर, बाबांना झोपेची गोळी लिहून द्या. रात्री दोनला उठून बसतात आणि खाटेच्या कडेवर बोटे वाजवत राहतात. घरात कोणाचाच डोळा लागत नाही.’’ नाशिकरोडच्या एका सूनबाई हे सांगत होत्या, तेव्हा बाबा शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. वय ७४. त्यांतली चाळीस वर्षे गायनपार्ट्यांबरोबर गावोगाव ढोलकी वाजविण्यात गेलेली. मी गोळी लिहून दिली. नवव्या दिवशी पहाटे न्हाणीघराकडे जाताना त्यांचा तोल गेला आणि उजवे मनगट मोडले.

उतारवयात झोपेच्या गोळीने तोल जातो, पडण्याचा धोका वाढतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही गोळी लिहिण्यापूर्वी एक साधा प्रश्न मी विचारला नव्हता, की बाबा, आयुष्यभर तुम्ही झोपत होता तरी केव्हा? तो विचारला प्लास्टर घातल्यानंतर. उत्तर मिळाले, ‘‘कार्यक्रम दहाला उभा राहायचा, दोनला रंगात यायचा. झोप पहाटे, गाडीत.’’ मोकळ्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्याचे निर्बंध २००० सालच्या नियमांनी आले. बाबांची उमेदीची वर्षे त्याच्या कितीतरी आधीची. ज्या घटकेला घर त्यांना झोपवू पाहत होते, ती त्यांच्या दृष्टीने बहराची घटका होती.

आपल्या नाशिक जिल्ह्याला अशा भटक्या गायकांची ओळख नव्याने करून द्यायला नको. लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. तरुणपणी मुंबईत कोणीतरी पत्र वाचून मागितले आणि ते वाचता आले नाही, या शरमेने ते मोठ्या वयात अक्षरे शिकले. पुढे गाणी स्वतः रचायची, स्वतः गायची आणि बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत पोहोचवायचा, असे त्यांनी सारे आयुष्य घालविले. १९९३ मध्ये वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी नाशिकातच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या गाण्यांविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. एक वैद्य म्हणून माझ्या मनात मात्र निराळाच विचार येतो. पहिला संसार मोडलेला, लहानगी लेक गेलेली आणि तरी पुढच्या गावाला शब्द दिलेला, म्हणून गाडीत बसणे. ही ओढ ज्या शरीराने जन्मभर सोसली, त्याला म्हातारपणी एका खोलीत ‘आता आराम करा’ म्हणून बसविले, तर ते कसे वागेल?

आपल्या घरातले कोणी अजूनही शाहिरीला, भजनाला किंवा जागरण-गोंधळाला बाहेरगावी जात असेल, तर गोळ्यांची वेळ घड्याळाप्रमाणे नव्हे, जेवणाप्रमाणे बांधून द्या. मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण लांबले की साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात कापतात, शब्द अडखळतात. रंगमंचावर हे सारे ‘घाबरले असतील’ म्हणून सोडून दिले जाते. आयोजकांचे जेवण कार्यक्रमानंतर असते, हे आपल्याला माहीत आहेच. तेव्हा भाकरीचा डबा पिशवीत हवा आणि साथीदारापैकी एकाच्या खिशात ग्लुकोजची पुडी. गोळी कोणती आणि ती प्रवासाच्या दिवशी कशी घ्यायची, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. प्रवासात लघवीला थांबावे लागू नये म्हणून पुष्कळजण पाणी पीत नाहीत आणि रक्तदाबाची लघवी होणारी गोळीही परस्पर टाळतात. मी हे इतक्या वेळा ऐकले आहे, की आता आपण होऊनच विचारतो.

आवाजाविषयी थोडे. घसा बसला की कुजबुजत बोलू नये, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. सरळ मौन धरावे. तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा टिकला, विशेषतः तंबाखूची सवय असेल, तर घशाच्या तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावेच. काढ्यांवर महिने घालवू नका. कानांचेही तसेच आहे. कर्ण्याशेजारी वर्षानुवर्षे उभे राहिलेल्याला सुनेचा बारीक आवाज ऐकू येत नाही. घरात त्याला ‘मुद्दाम दुर्लक्ष करतात’ असे नाव पडते. असे रुसवे श्रवणचाचणीने सुटलेले मी पाहिले आहेत.

सर्वांत कठीण काळ मात्र घरी परतल्यानंतरचा. वर्षाचे कित्येक महिने जिने एकटीने घर ओढले, त्या पत्नीच्या संसारात हा माणूस सत्तरीत अचानक पूर्णवेळ येऊन बसतो. भांडी कुठे ठेवतात, हेही त्याला ठाऊक नसते. काल हजार लोक ज्याचे ऐकत होते, त्याचे आज चहाच्या वेळीही कोणी ऐकत नाही. जेवण कमी होते, चिडचिड वाढते, आंघोळ टळते. आपण त्याला ‘वय झाले’ म्हणतो. पुष्कळदा ते नैराश्य असते आणि त्यावर उपचार आहेत. पैशाची टंचाई ही आणखी एक गोष्ट. ज्येष्ठ साहित्यिक व कलाकारांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, पन्नाशीनंतर अर्ज करता येतो; कार्यक्रमांची जुनी पत्रके, फोटो, प्रमाणपत्रे रद्दीत देऊ नका.

आमच्या आजोबांची झोपेची गोळी मी बंद केली. नऊ वाजता अंथरुणावर पाठविणे थांबले, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, सकाळी उन्हात चालणे सुरू केले आणि न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर दिवा राहू लागला. प्लास्टर निघाले तेव्हा मनगट ताठरले होते. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले, ते त्यांना कंटाळवाणे वाटत. मग मीच विचारले, ढोलकी कुठे आहे? माळ्यावर होती. नातवाने ती खाली काढली, पुसली, दोऱ्या आवळून चढविली. पहिल्या दिवशी पाच मिनिटेच बोटे चालली, तीही डाव्या हाताच्या जोरावर. आता संध्याकाळी सहा ते सात तो तास ठरलेला आहे; शेजारची दोन मुले शिकायला येतात आणि ठेका चुकला की आजोबा रागावतात.

गेल्या महिन्यात सूनबाई रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या होत्या. रात्रीचे कसे काय, म्हणून विचारले. ‘‘बारापर्यंत जागतात अजून,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही आपले दार लोटून घेतो.’’