जीव वाचला, मग दुखणं सोसायचंच का? स्तनाच्या कर्करोगानंतरची वेदना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनही संपलं. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. पण काखेतली आग, दंडाचा बधिरपणा आणि रात्री कुशीवर वळताना छातीत उठणारी कळ मात्र गेलेली नसते. भेटायला येणाऱ्या बायका मायेनं म्हणतात, ‘जीव वाचला ना बाई, आता एवढंतेवढं दुखायचंच.’ या एका वाक्यापायी कितीतरी बाया वर्षानुवर्षं गप्प बसतात.

उरणसारख्या गावात ही गप्प बसण्याची किंमत फार मोठी असते. करंज्याच्या, मोऱ्याच्या कोळी बायकांना मासळीची पाटी उचलायची असते. आगरी घरांतल्या बायकांना भातलावणीला वाकायचं असतं. नोकरीवर जाणारीला लोकलमध्ये वरची कडी धरायची असते. हात खांद्याच्या वर जाईनासा झाला की घराचं सगळं गणित विस्कटतं. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. उपचार सुधारत आहेत, बऱ्या होऊन घरी परतणाऱ्या बायका वाढत आहेत. त्यांच्या वेदनेबद्दल नीट बोलायलाच हवं.

गैरसमज १: इतके महिने झाले, आता दुखतं ते मनाचे खेळ आहेत.

वस्तुस्थिती: ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र स्वतंत्र आजार मानतं. काखेतल्या गाठी काढताना तिथून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक बारीक संवेदना-नस ताणली जाते, कधी कापलीही जाते. दुखावलेली नस चुकीचे निरोप पाठवत राहते. म्हणून दंडाला आतून मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं, ब्लाउजची बाही नुसती घासली तरी चटका बसतो. ज्या जागेला स्पर्श कळत नाही, तीच जागा आतून ठणकते. काही जणींना काढून टाकलेल्या स्तनाच्या जागी, तो अजून असल्यासारखं, दुखतं. यातलं काहीही वेडेपणाचं लक्षण नाही.

डेन्मार्कमध्ये ३,२५३ स्त्रियांची पाहणी झाली आणि २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑपरेशनला दोन-तीन वर्षं उलटल्यावरही त्यांतल्या ४७ टक्के जणींना दुखत होतं. काखेतल्या बऱ्याच गाठी काढलेल्या, रेडिएशन घेतलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण जास्त होतं. दुखत असलेल्यांपैकी आधीच्या तीन महिन्यांत त्यासाठी डॉक्टरांकडे गेलेल्या स्त्रिया मात्र जेमतेम पाचातली एक. सोसत राहण्याची सवय केवळ आपल्याकडची नाही.

गैरसमज २: दुखायला लागलं म्हणजे कॅन्सर परत आला.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा ही वेदना उपचारांनी नसा, स्नायू आणि सांधे दुखावल्यामुळे असते. ती साधारण एकाच पट्ट्यात राहते: छाती, काख, दंडाची आतली बाजू, पाठीचा फरा. काही दिवस कमी होते, काही दिवस वाढते.

तरीही काही खुणा दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. व्रणावर किंवा काखेत नवी गाठ येणं, एकाच हाडात दिवसेंदिवस वाढत जाणारं आणि रात्री झोप मोडणारं दुखणं, पाठदुखीबरोबर पायातलं बळ जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, अचानक दम लागणं, हात एकदम सुजणं, हातावर लाली पसरून ताप भरणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मासळी साफ करताना काटा टोचला किंवा कोयती लागली आणि त्यानंतर हात लाल, गरम झाला, तर ते घरगुती लेप लावून पाहण्याचं काम नव्हे. काखेतल्या गाठी काढलेल्या हातात जंतुसंसर्ग वेगानं पसरतो.

गैरसमज ३: त्या हातानं काही उचलायचं नाही, हात जपून ठेवायचा.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं होतं. हात न हलवता छातीशी धरून ठेवला की खांदा आखडतो, आखडलेला खांदा आणखी दुखतो आणि दुखतो म्हणून बाई तो आणखी जपते.

काही जणींना ऑपरेशननंतर काही आठवड्यांत काखेपासून कोपरापर्यंत, कधी त्याही खाली, कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखी शीर हाताला लागते. हात बाजूला उचलला की ती काखेत उठून दिसते. बायका घाबरतात, नस तुटेल म्हणून हात हलवणंच सोडतात. प्रत्यक्षात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू ताण दिला की ही दोरी बहुतेक वेळा काही आठवड्यांत सैल पडते.

एक साधा व्यायाम पाहा. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं. दुखऱ्या हाताची बोटं भिंतीवर टेकवून एकेक बोट वर सरकवत न्यायचं. ताण जाणवला की थांबायचं, दोन-तीन श्वास घ्यायचे, मग तसंच खाली यायचं. जिथवर बोटं पोचली तिथे पेन्सिलीनं खूण करायची. मग दुखरी कूस भिंतीकडे करून हेच पुन्हा करायचं. खूण वर सरकत गेली की हात सुटत चालल्याचा पुरावा डोळ्यांसमोर राहतो. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर कधी आणि किती करायचं, हे सर्जनला विचारूनच ठरवावं.

ब्रिटनमध्ये खांद्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असलेल्या ३९२ स्त्रियांवर चाचणी झाली. ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांतच फिजिओथेरपिस्टनं आखून दिलेला व्यायाम ज्यांनी सुरू केला, त्यांचा हात वर्षअखेरीस जास्त चांगला चालत होता आणि वेदनाही कमी होत्या. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन उचलण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला दिली. सूज वाढली नाहीच. उलट ती बळावण्याचे प्रसंग व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के, न करणाऱ्यांत २९ टक्के निघाले. हे २००९ सालचं संशोधन आहे.

याचा अर्थ उद्याच भरलेली पाटी डोक्यावर घ्यावी असा नाही. अर्ध्या किलोपासून सुरुवात करायची आणि हात सुजत नाही, दुखणं वाढत नाही हे पाहत चढत जायचं. बाजारात परतायचं असेल तर फिजिओथेरपिस्टला तसं स्पष्ट सांगावं: ‘मला पाटी उचलायची आहे.’ व्यायाम त्या कामाच्या बेतानं आखता येतो.

गैरसमज ४: नेहमीच्या पेनकिलरनं फरक पडत नाही, म्हणजे यावर औषधच नाही.

वस्तुस्थिती: स्नायूंच्या दुखण्यावर चालणारी गोळी नसेच्या दुखण्यावर फारशी चालत नाही. नसेच्या वेदनेची औषधं वेगळी आहेत: गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन. घोटाळा इथेच होतो. मेडिकलवाला किंवा नात्यातलं कुणीतरी सांगतं की ही फिट्सची गोळी, ती डिप्रेशनची, आणि बाई गोळ्या कपाटात ठेवून देते. ही औषधं त्या आजारांवर चालतात हे खरं. पण नसांचे चुकीचे निरोपही ती शांत करतात. ती कमी मात्रेनं सुरू होतात, असर दिसायला आठवडे लागतात. सुरुवातीला झोप येते, तोंड कोरडं पडतं. चार दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नयेत आणि एकदम बंदही करू नयेत.

केमोमधल्या पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी तळहात-तळपाय बधिर होतात, जळजळतात. त्यावर ड्युलोक्सेटिनचा उपयोग सिद्ध झाला आहे. पण टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालाच. टॅमॉक्सिफेनचं शरीरात ज्या क्रियेनं प्रभावी रूप बनतं, ती क्रिया ड्युलोक्सेटिन मंदावतं. अशा वेळी डॉक्टर दुसरं औषध निवडू शकतात.

गोळ्यांपलीकडेही उपाय आहेत: दुखऱ्या जागी लावायचे लिडोकेनचे पॅच, नसेभोवती द्यायची बधिरतेची इंजेक्शनं, वेदनेची भीती कमी करणारं समुपदेशन. स्पर्श सहन न होणाऱ्या कातडीला रोज काही मिनिटं आधी मऊ सुती कापडानं, मग जरा खरखरीत टॉवेलानं हलकेच स्पर्श करत सवय लावता येते.

गैरसमज ५: चोळून घेतलं, शेकलं की मोकळं होईल.

वस्तुस्थिती: ज्या भागाला गरम-गार कळत नाही, तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवली तर कातडी भाजते आणि बाईला पत्ताही लागत नाही. रेडिएशन घेतलेल्या कातडीची जखम भरायला वेळ लागतो. सुजलेल्या हातावर जोर लावून मालिश केल्यानं त्रास वाढू शकतो. सूज उतरवण्याचं मालिश अगदी हलक्या हातानं, ठरावीक दिशेनं करायचं असतं आणि ते शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. व्रण पूर्ण भरल्यावर त्यावर बोटांनी हळुवार मालिश करायला हरकत नसते, पण पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं.

गैरसमज ६: रोजच्या गोळीनं सांधे दुखतात, मग गोळीच बंद करू.

वस्तुस्थिती: लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्या घेणाऱ्या साधारण निम्म्या स्त्रियांचे सांधे धरतात. सकाळी बोटं वळत नाहीत, गुडघे कुरकुरतात. पण कर्करोग परत येऊ नये म्हणूनच ही गोळी पाच-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त, दिलेली असते. ती मनानं बंद करणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना सांगितलं तर ते काही काळ थांबवून पाहतात, त्याच गटातली दुसरी गोळी देतात किंवा वेदनेवर औषध जोडतात.

व्यायामाचा इथेही मोठा आधार आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अशा १२१ स्त्रिया होत्या. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम आणि १५० मिनिटं भरभर चालणं असा नेम ज्यांनी वर्षभर पाळला, त्यांची तीव्र सांधेदुखी सरासरी २९ टक्क्यांनी उतरली. रोज २५ मिनिटं पिरवाडीच्या किनाऱ्यावर भरभर चाललं तरी चालण्याचा तेवढा हिशोब पुरा होतो.

गैरसमज ७: पॅलिएटिव्ह विभागात पाठवलं, मॉर्फिन लिहिलं, म्हणजे आता संपलं.

वस्तुस्थिती: वेदना आणि त्रास कमी करणं हेच पॅलिएटिव्ह विभागाचं काम आहे, आणि ते आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर करता येतं. बऱ्या झालेल्या बाईलाही तिथे किंवा वेदना-उपचार केंद्रात, म्हणजे पेन क्लिनिकमध्ये, पाठवलं जातं. मॉर्फिन कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर प्रभावी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते रुग्णांपर्यंत पोचणं अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं नियम सुटसुटीत केले. जुनाट नसेच्या वेदनेवर मात्र मॉर्फिन हा पहिला उपाय नव्हे, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कधीच घेऊ नये.

गैरसमज ८: दुखण्यासाठी दरवेळी परळचं टाटा मेमोरियल गाठावं लागेल, त्यापेक्षा राहू दे.

वस्तुस्थिती: पूर्वी हे कारण पटण्यासारखं होतं. ओहोटीला मोऱ्याची लाँच अडायची आणि भाऊच्या धक्क्यावर दुखऱ्या हातानं आधार घेत चढावं लागायचं. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणच्या लोकलचं आणि अटल सेतूचं उद्घाटन एकाच दिवशी झालं. लोकलनं बेलापूर गाठलं की खारघर जवळ, आणि तिथे टाटा मेमोरियलचंच ॲक्ट्रेक केंद्र आहे. सेतूवरून शिवडीला उतरलं की परळ जवळच. दुचाकी आणि रिक्षा सेतूवर चालत नाहीत, एवढं लक्षात ठेवावं.

शिवाय प्रत्येक गोष्टीला मोठं रुग्णालय लागत नाही. एकदा तिथून निदान आणि व्यायामाचा कागद घेऊन आलं की पुढचा व्यायाम उरणमधल्या फिजिओथेरपिस्टकडे आणि घरी चालू ठेवता येतो.

आता एक काम करा. पुढच्या तारखेला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: नेमकं कुठे दुखतं, कसं दुखतं, म्हणजे आग होते, ठणकतं, मुंग्या येतात की करंट लागतो, शून्य ते दहात किती दुखतं, आणि त्या दुखण्यानं कोणतं काम अडतं. ‘थोडं दुखतं’ म्हटलं तर गर्दीच्या ओपीडीत ते सहज निसटतं. ‘काखेत आग होते, दहातलं सात दुखतं, रात्री तीनदा जाग येते, केस विंचरता येत नाहीत’ असं सांगितलं तर डॉक्टरांना पुढचं पाऊल उचलावंच लागतं. बरोबर येणाऱ्या नवऱ्यानं, मुलीनं, सुनेनंही एवढं करावं: ती ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणाली, तर तो कागद पुढे करावा. कर्करोगावरचे उपचार तिनं जगण्यासाठी घेतले. वेदनेवरचे उपचारही त्याच जगण्याचा भाग आहेत आणि ते मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.