हातभर उंचीचा नायगारा

उत्तर अमेरिकेंतील नायगारा धबधब्याचें एक चित्र शिकागो येथील कलासंग्रहालयांत आहे. टॉमस कोल या चित्रकारानें १८२९ सालीं तो प्रपात प्रत्यक्ष पाहिला व १८३० सालीं लाकडी फळीवर तैलरंगांत उतरविला. फळी अवघी सुमारें १९ इंच उंच व २४ इंच रुंद! मग १५० फुटांहून अधिक उंचीवरून कोसळणारें तें पाणी तींत मावलें कसें?

छापील प्रत न्याहाळतांना आम्हांस प्रथम शरद् ऋतूंतील तांबूस झाडी, ढगाळ आकाश व दूरवरचें पांढरें पाणी एवढेंच दिसलें. मग अलीकडच्या कड्यावर मुंगीएवढीं दोन माणसें आढळलीं. तीं त्या देशाचे मूळ रहिवासी होत. त्यांच्यावर बोट ठेवावें, तों धबधबा ओढ्यासारखा वाटतो. बोट उचलतांच पुन्हां प्रचंड होतो. डोळा त्या माणसांच्या मापानेंच पाणी मोजतो. वाचकांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

एक गोष्ट मात्र मनास खटकते. त्या काळीं नायगाऱ्याच्या कांठीं प्रवाशांसाठीं हॉटेलें झालीं होतीं, कारखानेहि होते. कोलनें तें सारें गाळून निर्जन अरण्यच रंगविलें. चित्रकारास एवढी मोकळीक असावी काय, याविषयीं आमच्यांत अद्याप दोन पक्ष आहेत.