ड्राफ्टमध्ये नाव नाही, मग पुढे काय? बास्केटबॉलपटू काइल हाइन्सचा प्रवास



खेळणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, निवडच झाली नाही तर एवढा सराव करून उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नुसत्या उपदेशाने देता येत नाही, म्हणून आज एका खऱ्या खेळाडूची माहिती पाहू. कॉलेजात गाजलेला पण स्वतःच्या देशातल्या मोठ्या लीगने न घेतलेला खेळाडू परदेशात व्यावसायिक कसा बनतो, हे त्यातून नीट समजतं.

आधी थोडं गणित. अमेरिकेतल्या एनबीए या लीगमध्ये ३० संघ आहेत. दरवर्षी जून महिन्यात ड्राफ्ट होतो. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही. गल्लीत आपण संघ पाडताना "आधी तू एक घे, मग मी एक घेतो" करतो ना, तसंच. संघ आळीपाळीने नावं घेतात. दोन फेऱ्या, म्हणजे साधारण ६० नावं. आता दुसरी बाजू बघा. कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात ३५० हून जास्त कॉलेजं आहेत. प्रत्येक कॉलेजातून फक्त तीन मुलं शेवटच्या वर्षात आहेत असं धरलं तरी हजारावर मुलं होतात. शिवाय त्या ६० मध्ये परदेशी खेळाडूही येतात आणि शिक्षण अर्धवट सोडून आलेलेही. उरलेल्यांचं काय होतं, ते टीव्हीवर फारसं दिसत नाही.

काइल हाइन्स हा त्या उरलेल्यांपैकी एक. जन्म १९८६, राज्य न्यू जर्सी. तो नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो इथल्या विद्यापीठाकडून खेळला. याच राज्यात ड्यूक आणि चॅपेल हिल ही बास्केटबॉलची दोन मोठी नावं आहेत, त्यामुळे ग्रीन्सबरोकडे बघणारे कमीच. तरी हाइन्सने चार वर्षांत २००० हून जास्त गुण आणि १००० हून जास्त रिबाउंड मिळवले. रिबाउंड म्हणजे रिंगला लागून परत आलेला चेंडू ताब्यात घेणं. २००७ मध्ये तो आपल्या विभागाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अडचण एकच होती, उंची. तो साधारण साडेसहा फूट, म्हणजे १९८ सेंटिमीटर. तुम्ही म्हणाल, एवढा उंच माणूस आणि उंचीची अडचण? पण तो सेंटर या जागेवर खेळायचा, अगदी रिंगखाली. तिथे सात फुटांच्या आसपासची माणसं लागतात असं तेव्हा सगळे धरून चालायचे. २००८ च्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव डेरिक रोझचं आलं. हाइन्सचं नाव आलंच नाही.

मग तो इटलीला गेला, आणि तेही थेट वरच्या लीगमध्ये नाही. रोमच्या आग्नेयेला डोंगरावर वेरोली नावाचं गाव आहे, वस्ती सुमारे २० हजार. तिथल्या क्लबकडून तो दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये दोन हंगाम खेळला.

परदेशी जाणं म्हणजे काय, ते इथे समजून घेऊ. खेळाडूचा एजंट क्लबशी बोलतो आणि करार ठरवतो. बरेचदा तो एकाच हंगामाचा असतो. पगाराबरोबर राहायला घर देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे शाळा बदलताना जसा दाखला लागतो, तसा एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आधीच्या देशाच्या संघटनेचा दाखला लागतो. बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडू किती घ्यायचे यावर मर्यादा असते. त्यामुळे बाहेरून आणलेल्या माणसाकडून लगेच कामगिरीची अपेक्षा असते. चार सामने वाईट गेले की त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो. पगार वेळेवर न देणारे क्लबही असतात. असे वाद इतके व्हायचे की जागतिक संघटना फिबाने २००७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र लवाद सुरू केला. म्हणजे परदेशात खेळायला मिळालं की सगळं छान झालं, असं समजू नका. भाषा वेगळी, जेवण वेगळं, घरचे हजारो किलोमीटर लांब.

२०१० मध्ये हाइन्स जर्मनीतल्या बाम्बर्ग शहराच्या संघात गेला. त्या हंगामात बाम्बर्गने जर्मन लीग जिंकली आणि अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू हाइन्स ठरला. मुख्य म्हणजे हा संघ युरोलीगमध्ये खेळत होता. युरोपातल्या क्लबांची ही सर्वांत मोठी स्पर्धा, त्यामुळे मोठ्या क्लबांच्या डोळ्यांसमोर तो आला.

त्याचा खेळ तिथे एवढा का चालला? बास्केटबॉलमध्ये एक डाव सारखा खेळला जातो, पिक अँड रोल. चेंडू घेऊन पळणाऱ्या चपळ खेळाडूसाठी त्याचा उंच साथीदार मध्ये भिंतीसारखा उभा राहतो. बचाव करणारा त्या भिंतीत अडकतो. अशा वेळी दोन बचावपटू आपापली माणसं अदलाबदल करू शकतात. पण मग गोची होते. उंच, जड सेंटरच्या वाट्याला चपळ खेळाडू येतो आणि तो त्याला सहज चकवून जातो. हाइन्स मात्र ठेंगणा (म्हणजे सेंटरच्या मानाने!) आणि पायांनी चपळ होता. तो छोट्या खेळाडूसमोर टिकायचा आणि अंगात ताकद असल्याने रिंगखाली मोठ्यांनाही रेटून धरायचा. जी उंची कमी म्हणून त्याला घेतलं नव्हतं, तीच इथे कामी आली. गंमत म्हणजे पुढे एनबीएलाही अशी माणसं हवीशी झाली. जवळपास त्याच उंचीचा ड्रेमंड ग्रीन २०१२ मध्ये दुसऱ्या फेरीत, ३५ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०१५ च्या विजेत्या गोल्डन स्टेट संघात गरज पडेल तेव्हा सेंटर म्हणून खेळला.

२०११ मध्ये ग्रीस आर्थिक संकटात होता. तिथल्या ऑलिम्पियाकोस क्लबने खर्च कमी केला आणि महागडे खेळाडू सोडले. स्वस्तात मिळणारे, मेहनती खेळाडू त्यांना हवे होते, आणि त्यात हाइन्स आला. २०१२ ची युरोलीग अंतिम लढत इस्तंबूलमध्ये झाली. समोर मॉस्कोचा बलाढ्य सीएसकेए. ऑलिम्पियाकोस एका क्षणी १९ गुणांनी मागे होता, तरी ६२–६१ असा जिंकला. विजयी बास्केट सेकंदभरसुद्धा शिल्लक नसताना प्रिंतेझिसने केला. पुढच्या वर्षी हाच संघ पुन्हा विजेता झाला.

त्यानंतर त्याच सीएसकेएने हाइन्सला घेतलं. तिथे तो सात हंगाम राहिला आणि २०१६ व २०१९ मध्ये आणखी दोनदा युरोलीग जिंकली. एकूण चार. २०२० मध्ये तो मिलानला गेला. म्हणजे दहा वर्षांनी पुन्हा इटली, पण या वेळी देशातल्या सर्वांत नावाजलेल्या क्लबात. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून २०१६, २०१८ आणि २०२२ अशी तीनदा त्याची निवड झाली. २०२४ मध्ये, ३७ व्या वर्षी तो निवृत्त झाला. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही.

आज हा मार्ग थोडा बदलला आहे. हाइन्सच्या काळात कॉलेज खेळाडूला शिष्यवृत्ती मिळायची, पण जाहिरातीतून कमाई करायला बंदी होती. जुलै २०२१ पासून ती परवानगी मिळाली. त्यामुळे काही मुलांना कॉलेजातच चांगले पैसे मिळतात आणि परदेशातल्या छोट्या क्लबाकडे जाण्याची त्यांना तेवढी घाई राहत नाही.

आता एक उपक्रम. इस्तंबूलच्या त्या अंतिम सामन्याचा शेवटचा भाग घरी मोठ्यांच्या मोबाइलवर शोधून बघा. चेंडू कुणाकडे आहे ते सोडून द्या. पाच मिनिटं फक्त रिंगखाली कोण कुणाला अडवतंय ते बघा, आणि बचावपटूंनी माणसं किती वेळा बदलली ते वहीत मोजून आणा.