१८ बाय १८चा चौक

जिंतूर तालुक्यातल्या त्या गावात नव्या घराची आखणी बाजेपासून सुरू झाली. मिस्त्रींनी जुन्या घरातली सुंभाची बाज मोकळ्या जागेत ठेवली, तिच्या पायथ्याशी दुसरी, मग तिसरी. "सहा-सहा फुटांच्या तीन. १८ बाय १८. उन्हाळ्यात १४ माणसं निजायची तर याहून कमी चौक नको." मग कडेनं फक्की पडली. खोल्या कुठं येणार हे अजून ठरायचं होतं.

घर आजींचं, दोन मुलांचं, सुना-नातवंडांचं आणि नुकत्याच आलेल्या नातसुनेचं. थोरल्याला चौक १२ फुटांचा हवा होता. एक खोली जास्त निघाली असती. ती निघाली नाही, हे फार बरं झालं. चारी बाजूंनी दोन-दोन फुटांचा छज्जा आत आला की १२ चे उरतात आठ. त्या आठ फुटांत तुळस जगेल, बाजा मावणार नाहीत. परभणीकडे मे महिन्यात पारा ४२च्या पुढं जातो. दिवसभर तापलेल्या भिंतींची धग रात्री उघड्या चौकातूनच वर निघून जाते आणि निवलेली हवा ओसरीवरून खोल्यांत शिरते.

आजींना मात्र माळवद हवं होतं. तुळया, त्यांवर किलच, वर पांढरीची माती, पावसाळ्याआधी दरवर्षी नवा थर. त्या सांगत होत्या तेव्हा शेजारी पाडलेल्या भिंतीची माती भिजत पडली होती. तो वास कुणालाही मोहात पाडेल असाच होता.

"माय, किल्लारी आठवा," मिस्त्री एवढंच म्हणाले.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. भूकंपात लातूर-उस्मानाबादच्या गावांत मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि त्यांवरच्या माळवदांचा सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. आजी गप्प झाल्या. माळवद गेलं. काळ्या मातीतून मुरूम लागेपर्यंत पाया, सळईचे कॉलम, वर स्लॅब. १८ बाय १८ तेवढा कायम राहिला.

बाकीची घडण त्याच्याभोवती बसत गेली. आजींची खोली ओसरीला लागून, ढेलजेसमोर. कोण आलं-गेलं ते पडल्या-पडल्या दिसावं. नातसुनेचं दार थेट चौकात उघडत नाही, आधी दोन पावलांचा बोळ आहे. जुन्या वाड्यांत सुनांना असा आडोसा क्वचितच मिळे. इथं तो मिस्त्रींच्या पत्नीनं सुचवला. सगळ्या नकाशात शहाणपणाची जागा कोणती, तर ती हीच.

चौक ओसरीहून एक पायरी खाली, १८ फुटांत अडीच इंच उतार. पाणी ढेलजेखालच्या नाळीतून गल्लीत जायचं. फरशी बसल्यावर मिस्त्रींनी कोपऱ्यात घागर ओतली. पाणी धावत निघालं, पण तुळशीच्या ओट्याजवळ तळहाताएवढं साचून राहिलं. त्यांनी थापी मागवली आणि ती फरशी उचकटायला बसले.