निवडप्रधान दृश्यकादंबरीतील प्रसंगांची सांधणी

कथेचा एक प्रकार असा आहे की, त्यात प्रसंग लेखक लिहितो आणि त्यांचा क्रम पुष्कळ अंशी वाचक ठरवितो. पडद्यावर चित्र, त्याखाली संवाद, आणि मधूनमधून वाचकापुढे ठेवलेले दोन-तीन पर्याय, असे त्याचे रूप असते. हा प्रकार जपानात वाढला. चुनसॉफ्टची ‘ओतोगिरिसो’ ही कथा १९९२ साली निघाली. पुढे १९९६ मध्ये लीफ या संस्थेने ‘शिझुकु’पासून आपल्या मालिकेस ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव दिले. आपण तिला दृश्यकादंबरी म्हणू. यांपैकी बऱ्याच कृती प्रौढ वाचकांसाठी असून शृंगाराचे प्रसंग त्यांत उघडपणे येतात. हा विषय अकादमीच्या पानांत आणणे काही सभासदांस रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु ‘गाथासप्तशती’ शिकविणाऱ्यांनी शृंगाराचे वावडे धरण्याचे कारण नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तिशी ओलांडलेला हा गृहस्थ मराठीत अशी कादंबरी लिहीत आहे. त्याच्या हस्तलिखितात नायिका एका रात्री आपल्या भावाच्या मृत्यूची हकीकत नायकास सांगते. दोघे जवळ येतात. त्यापुढील एका प्रसंगात तोच नायक तिला विचारतो, “तुमच्या घरी कोण कोण असतं?” लेखकाचा हा निष्काळजीपणा म्हणावा, तर तसे नव्हे. तो नंतरचा प्रसंग आधीची रात्र न निवडलेल्या वाचकासाठी लिहिलेला होता, आणि ती निवडलेला वाचकही त्याच दाराने आत आला होता.

हा दोष या प्रकाराच्या रचनेतूनच उद्भवतो. एल्फ संस्थेच्या ‘दोक्युसेई’ या १९९२ च्या प्रौढ कृतीत वाचक गावाच्या नकाशावर हिंडतो, घड्याळ पुढे सरकत असते, आणि ठराविक जागी ठराविक वेळी कोणी भेटते. अशा रचनेत प्रत्येक भेट बेटासारखी सुटी राहण्याचा संभव फार. मग प्रत्येक क्रमासाठी स्वतंत्र कथा लिहावी काय? प्रत्येकी दोन पर्यायांच्या दहा निवडी धरल्या तरी १,०२४ वाटा होतात. वीस निवडींच्या दहा लाखांहून अधिक. म्हणून लेखक वाटा फोडतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणतो. आपल्या वेताळपंचविशीत हेच घडते. राजा बोलला की वेताळ झाडावर परत, मग गोष्ट कोणतीही असो. तेथे ते खपते, कारण एका गोष्टीचे दुसरीस काही देणे लागत नाही. दोन माणसांच्या प्रेमकथेत मात्र प्रत्येक प्रसंग मागच्याचे देणे घेऊनच येतो.

हे देणे नोंदविण्याची रूढ रीत म्हणजे जिव्हाळ्याचा आकडा. गोड बोलल्यास पाच वाढवावयाचे, दुखविल्यास पाच वजा करावयाचे. मला ही रीत अपुरी वाटते. आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘कशामुळे’ ते सांगत नाही. नायकाने एकदा फुले दिली आणि एकदा चारचौघांत अपमान केला, तर बेरीज शून्य येते. जणू दोघांत काही घडलेच नाही! आकडा ठेवावा, पण त्याच्या जोडीला तीन गोष्टी वेगळ्या टिपाव्यात: काय घडले, ते कोणास ठाऊक आहे, आणि त्यातून कोणते शब्द किंवा सवयी दोघांत उरल्या. यांतील दुसरी गोष्ट सर्वांत अधिक विसरली जाते. नायकास ठाऊक असलेले गुपित वाचकाने ऐकलेले असते म्हणून शेजारणीसही ठाऊक असल्यासारखे ती बोलू लागते.

तिसऱ्या गोष्टीत मराठी लेखकास एक अडचण आहे व तीच त्याची सोयही आहे. नायिका ‘अहो’वरून ‘अरे’वर कधी आली? इंग्रजीत एकच सर्वनाम असल्याने हा प्रश्न तेथे उठत नाही. जपानीत मात्र आडनावाने हाक मारणे सोडून नावाने मारणे ही मोठीच घटना असते. मराठीत तर क्रियापददेखील बदलते. रात्री ‘तू’ म्हणणारी स्त्री सकाळी कारणाशिवाय ‘तुम्ही’ म्हणू लागली, तर प्रणयाचा प्रसंग मागाहून चिकटविलेला ठरतो आणि ती व्यक्ती न राहता बाहुली होते. तिने मुद्दामच ‘तुम्ही’ म्हटले असेल, तर तो वेगळा आणि फार चांगला प्रसंग. पण मग नायकाच्या ते ध्यानात आले पाहिजे.

वाटा जेथे एकत्र येतात तेथे सर्व प्रसंग नव्याने लिहिण्याची गरज नसते. पहिली तीन-चार वाक्ये मागील निवडीप्रमाणे वेगळी ठेवावीत, मधला भाग समान असू द्यावा, आणि अखेरीस एखादे उत्तर पुन्हा वेगळे असावे. मध्ये किती दिवस गेले तेही सांगून टाकावे. ज्या प्रसंगास पूर्वीची भेट आवश्यकच आहे, तो ती झाल्याशिवाय खुला करू नये.

‘फेट/स्टे नाइट’ या २००४ च्या कृतीत किनोको नासु यांनी तीन मार्ग ठराविक क्रमानेच खुले होतील अशी योजना केली आहे. दुसऱ्या मार्गावरील नायकास पहिल्यातील काही आठवत नाही, पण वाचकास आठवते, आणि लेखक त्या आठवणीवर विसंबून लिहितो. सातत्य कधीकधी पात्रांत नसून वाचकात असते, हे यावरून दिसते.

राहिला तंत्राचा भाग. पुष्कळ लेखक २००४ पासून उपलब्ध असलेले ‘रेनपाय’ हे साधन वापरतात. त्यात प्रत्येक नोंदीचे मूळ मूल्य ‘डिफॉल्ट’ या विधानाने प्रारंभीच जाहीर करावे. कादंबरी हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत असेल, तर नव्या हप्त्यात वाढविलेली नोंद वाचकाच्या जुन्या साठवणीत नसते. हे विधान केलेले असल्यास ती आपोआप भरली जाते, एरवी वाचन मध्येच अडते.

माझ्या विद्यार्थ्याने तो प्रसंग फेकला नाही. प्रश्न तसाच ठेवून त्याने त्याआधी एक अट घातली, आणि ती रात्र पाहिलेल्या वाचकासाठी दुसरी सुरुवात लिहिली. तीत नायक काहीच विचारीत नाही, भिंतीवरील भावाच्या फोटोचा हार सुकलेला पाहून तो म्हणतो, “उद्या येताना फुलं आणू का?”