खुर्ची राखीव झाली, सातबाऱ्याचे काय?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. नव्या कचेऱ्या उघडल्या, नव्या नेमणुका झाल्या. त्याआधी चारच वर्षे, १९९४ साली, राज्य शासनाने आपले पहिले महिला धोरण जाहीर करून शासकीय सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. आज तलाठी कार्यालयात, पोलीस ठाण्यात किंवा एस.टी.च्या वाहकाच्या जागी स्त्री दिसली तर कोणी वळून पाहत नाही. पण सोयाबीन-तुरीच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात जाऊन पाहावे. चाळणी मारणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, सांडलेले दाणे वेचणाऱ्या स्त्रियाच. लिलावात बोली लावणारा पुरुष, काटा करणारा पुरुष, हिशेबपट्टी लिहिणारा पुरुष आणि अडतीच्या गादीवर बसणाराही पुरुषच!

राखीव जागांनी स्त्री-पुरुष विषमता दूर होते काय, या प्रश्नावर शहरात परिसंवाद झडतात. आपल्या जिल्ह्यापुरते त्याचे उत्तर कचेरी आणि बाजार या दोन ठिकाणांमधील फरकात शोधले पाहिजे.

प्रथम कचेरीकडे पाहू. शासकीय नोकरीतील ३० टक्के हे समांतर आरक्षण आहे. म्हणजे स्त्रियांचा असा वेगळा गट नसून खुल्या, इतर मागास, अनुसूचित जाती अशा प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच स्त्रियांचा वाटा काढला जातो. यात मुस्लिम मुलींचे स्थान कोठे, हे आपल्या अनेक घरांना आजही नीट ठाऊक नाही. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागास प्रवर्गाच्या यादीत आहेत. या बिरादरीतील मुलगी जातीचा दाखला, जात पडताळणी व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र घेऊन त्या प्रवर्गातील महिलांच्या जागेवर दावा करू शकते. ज्यांची बिरादरी यादीत नाही, त्यांच्या मुली खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागेसाठी पात्र आहेत, आणि त्यांच्यासाठी असलेली नॉन-क्रिमीलेअरची अट शासनाने २०२३ मध्ये काढून टाकली. मुसलमानांसाठी ५ टक्क्यांचा जो वटहुकूम जुलै २०१४ मध्ये निघाला, तो त्याच वर्षी नोव्हेंबरात उच्च न्यायालयापुढे अडला. नोकरीतील भागाला स्थगिती मिळाली, शिक्षणातील भाग तेवढा राहिला आणि पुढे वटहुकूमच संपुष्टात आला. त्याच्या आठवणीत हळहळत बसण्यापेक्षा हाताशी असलेला दाखला काढून ठेवणे शहाणपणाचे नव्हे काय? सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की देशात १५ ते ६४ वयोगटातील सुमारे ४४ टक्के स्त्रिया कामात असताना मुस्लिम स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २५ टक्केच होते. शेतावर, घरातल्या शिलाई मशीनवर, बांगड्यांच्या टोपलीमागे राबणाऱ्या आपल्या बायकांचे काम मोजणीत पूर्ण येत नाही, हे खरे मानले तरी अंतर मोठेच राहते.

कचेरीत आरक्षण चालले, त्याला कारण आहे. तेथे अर्ज मुलीचा, गुणपत्रिका मुलीची आणि पगारही तिच्याच खात्यावर. मधे कोणाच्या सहीची गरज नाही.

आता बाजाराकडे वळू. व्यापारी वाचकांना बाजार समितीची रचना पाठ असेल. १९६३ च्या पणन कायद्याखाली एप्रिल २०२३ मध्ये ज्या निवडणुका झाल्या, त्यात नेहमीप्रमाणे १८ संचालक निवडायचे होते. सेवा सहकारी सोसायट्यांच्या मतदारसंघातून ११, ग्रामपंचायतीतून ४, व्यापारी-अडत्यांचे २ आणि हमाल-मापाऱ्यांचा १. स्त्रियांसाठी राखीव जागा दोन, आणि त्या दोन्ही सोसायटी मतदारसंघातल्या. व्यापारी-अडते गटात स्त्रीसाठी एकही जागा राखीव नाही. हमाल-मापाऱ्यांत तर एकच जागा, तेथे राखायचे काय? म्हणजे जेथे पैसा फिरतो त्या गटात आरक्षण पोहोचलेलेच नाही.

बरे, सोसायटीतून ज्या दोघी येतात त्या कोठून येतात? या मतदारसंघात मत देतात ते सोसायट्यांच्या संचालक मंडळांचे सदस्य. त्या मंडळांतही सहकार कायद्याने स्त्रियांच्या दोन जागा राखल्या आहेत. परंतु सोसायटीचे सभासदत्व मिळते ते जमिनीच्या जोरावर, आणि जमीन म्हणजे सातबारा. सातबाऱ्यावर नाव कोणाचे? बापाचे, नवऱ्याचे, दिराचे. ज्या बाईच्या नावे दोन एकर आहेत ती बहुधा विधवा, किंवा मग घरातल्या पुढाऱ्याने निवडणुकीच्या सोयीसाठी नाव लावलेली. दोन खुर्च्यांसाठी निवड करायची ती या मूठभर नावांतून. खुर्चीवर बाई आणि कारभार बुवांचा, असे झाले तर दोष बाईला देणे सोपे आहे. पण खुर्चीपर्यंत नेणारा प्रत्येक कागद पुरुषाच्या नावावर ठेवून शेवटची पायरी तेवढी राखीव करायची, यातून दुसरे काय निघणार?

अडतीच्या परवान्याची गत उलट आहे. परवाना, दुकानाचा गाळा, कधी बँकेचे खातेसुद्धा पत्नीच्या नावे असते. कर सल्लागाराने सुचवलेले असते. बाईला मात्र कालचा भाव काय फुटला तेही सांगितले जात नाही. नाव आहे आणि व्यवहार नाही!

आरक्षणाने काहीच होत नाही, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. ग्रामपंचायतींत १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांकडे आल्या. ‘सरपंच पती’ हा शब्द तेव्हापासून आपल्या भाषेत रूढ झाला आणि थट्टा करणाऱ्यांना विषय मिळाला. पण पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात एस्थर डुफ्लो (पुढे २०१९ च्या नोबेल मानकरी) व राघवेंद्र चट्टोपाध्याय यांनी पाहणी केली तेव्हा दिसले की स्त्री प्रधान असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केला. तेथीलच पुढच्या एका अभ्यासात आढळले की जेथे लागोपाठ दोन वेळा स्त्री प्रधान आली, तेथे मुलींच्या शिक्षणाविषयी आईबापांच्या आणि खुद्द मुलींच्या अपेक्षा वाढल्या. एका पाळीत नव्हे, दोन पाळ्यांत! आपल्याकडे सरपंचपदाचे आरक्षण चक्राकार फिरते. बाई कारभार शिकते तोवर पद दुसरीकडे जाते, ही उणीव कोणी तरी दूर केली पाहिजे.

खासगी धंद्याचे काय? नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत ४० टक्के जागा स्त्रियांना दिल्या. २००८ पर्यंत मंडळे भरली. नंतरच्या अभ्यासात आढळले ते एवढेच की वरच्या बायकांची परिस्थिती सुधारली, खालच्या टेबलावर काम करणाऱ्या बायकांच्या पगारात वा बढतीत त्यामुळे फारसा फरक पडला नाही. भारतातही २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या व इतर मोठ्या कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक घेणे बंधनकारक केले. घराण्याच्या कंपन्यांत ती बहुधा मालकाची पत्नी किंवा कन्या असते. वाशीमच्या पाटणी चौकातील दुकानदाराला या कायद्याचा स्पर्शही होत नाही. चार नोकरांच्या दुकानात ३० टक्के म्हणजे किती? एक पूर्णांक दोन दशांश बाई! छोट्या धंद्यावर सक्तीचा कोटा लादणे या लेखकाला व्यवहार्य वाटत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, हे योग्यच झाले. पण भरपगारी रजेचा भार एकट्या मालकावर पडतो, म्हणून बाईला कामावर घेण्यास कचरणारे मालक आहेत, हेही नाकारता येत नाही.

येथे मुस्लिम व्यापाऱ्याने स्वतःच्या घरात डोकावून पाहावे. मक्केत ह. खदीजा (रजि.) यांचे काफिले शामपर्यंत जात आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्याच मालाचा व्यापार सांभाळला, हे आपण प्रत्येक सीरतच्या जलशात ऐकतो. मदिनेच्या बाजाराच्या देखरेखीचे काही काम ह. उमर (रजि.) यांनी ह. शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडे दिल्याचेही काही चरित्रग्रंथांत नमूद आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सूरह निसामध्ये वारशात मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. भावाच्या निम्मा, पण ठरलेला, आणि मालमत्ता थोडी असली तरी चुकवता न येणारा. राखीव वाटा म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

चौदाशे वर्षांच्या या वाट्याचे आपण काय केले? वडील वारले की बहिणींना माहेरच्या मायेची आण घालून हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला जातो. ईदला एक साडी आणि वर्षाला पायलीभर तूर, यावर प्रकरण मिटते. मग तिला ना सातबारा, ना सोसायटी, ना पीककर्ज, ना बाजार समितीत उभे राहण्याची सोय. शरीयतवर प्राण देण्याची भाषा करणारे याच मुद्द्यावर गप्प होतात.

इतरांकडे तरी काय वेगळे होते? शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’चा कार्यक्रम घेऊन शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. त्यानंतर सप्टेंबर १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढून पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. सोय झाली, तरी पुढे येणारे पती थोडेच.

हातगाडीवर व रस्त्याकडेला बसणाऱ्या आपल्या बहिणींसाठी एक कायदा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगरपालिकेच्या नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व द्यावे लागते. भाजी-फळे विकणाऱ्या बागवान स्त्रिया, उरूस-जत्रेत बांगड्या भरणाऱ्या मणियार स्त्रिया या कायद्यात थेट बसतात. अट इतकीच की विक्री प्रमाणपत्र त्यांच्या स्वतःच्या नावे हवे. पाहणीला माणूस येतो तेव्हा गाडीवर बाई बसलेली असते, आणि नाव मात्र नवऱ्याचे सांगितले जाते. तेवढे बदलावे.

शेतजमिनीबाबतही अशीच काळजी घ्यावी. घरातील खातेदार वारल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची नोंद करण्यास द्यावी. अर्जात मुलींची नावे मुलांबरोबरच लिहावीत. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. त्या मुदतीत कोणी हक्कसोडीचा कागद पुढे केला, तर बहिणीने तो आधी एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावा.