संपर्क वाढला, संबंधांचे काय?

माणूस हा समाजशील प्राणी आहे, हे वाक्य आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. परंतु एका माणसाला किती माणसे खऱ्या अर्थाने सांभाळता येतात, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. मोबाईलमुळे आज तो विचारण्याची वेळ आली आहे. फेसबुकवर एका व्यक्तीला ५००० मित्र जोडता येतात. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये २०२२ पासून १०२४ सभासद घेता येतात. परीक्षेचा निकाल, लग्नपत्रिका, दुःखद निधन, सर्व वार्ता क्षणात पोचतात. तरीही शेजारच्या इमारतीतील वृद्ध जोडपे आजारी असल्याचे आठवडाभर कोणाला कळत नाही. असे का व्हावे?

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे एक उत्तर सापडते. माकडे कळपाने राहतात आणि एकमेकांच्या अंगावरील केस साफ करून आपसातील सलोखा टिकवितात. ज्या जातीच्या मेंदूचा बाह्य थर तुलनेने मोठा, तिचा कळपही मोठा, असे डन्बार यांना आढळले. हेच गणित त्यांनी माणसाला लावले, तेव्हा उत्तर १५० च्या आसपास आले. चेहऱ्याने ओळखीची माणसे याहून कितीतरी अधिक असू शकतात. पण कोण कोणाचे, कोणाच्या घरी काय अडचण आहे, कोणाशी आपले काय देणेघेणे आहे, हे ध्यानात ठेवून जपलेली नाती साधारण दीडशेच. त्यांतही वर्तुळे असतात. अगदी जिवाभावाची ५ माणसे, निकटची १५, चांगल्या स्नेहातली ५० आणि मग १५०. प्रत्येक आकड्यात आधीचा आकडा धरलेला आहे.

हा आकडा ताळेबंदासारखा काटेकोर मानू नये. २०२१ साली स्टॉकहोम विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखवून दिले की, केवळ मेंदूच्या आकारावरून माणसासाठी एकच नेमकी संख्या काढता येत नाही. तथापि मर्यादा असते, हा मुद्दा आपल्या रोजच्या अनुभवालाही पटणारा आहे.

इंटरनेटमुळे ही मर्यादा ओलांडता येते काय, हे डन्बार यांनी पुढे तपासून पाहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ब्रिटनमधील ३००० हून अधिक लोकांची माहिती घेतली होती. फेसबुकवर त्यांचे सरासरी दीडशे ते पावणेदोनशेच्या घरात मित्र होते. परंतु संकटात ज्यांच्याकडे धाव घेता येईल अशी माणसे किती, असे विचारता उत्तर आले, सुमारे ४. ज्यांची सहानुभूती मिळेल अशी सुमारे १४. म्हणजे यादी कितीही लांबली तरी आतले वर्तुळ पूर्वीएवढेच राहिले.

याचे कारण साधे आहे. नाते टिकविण्यास वेळ व लक्ष लागते आणि दिवसाचे तास चोवीसच. कांदिवलीहून चर्चगेटला नोकरीस जाणाऱ्याचे दोन-अडीच तास प्रवासातच जातात. उरलेला वेळ पाचशे जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक अंगठ्याची खूण येते, दुसरे काय?

बँकेत काम करणाऱ्यास येथे एक नियम आठवल्याशिवाय राहत नाही. बचत खात्यात ग्राहकाने दोन वर्षांहून अधिक काळ स्वतः काही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. मधल्या काळात बँकेने व्याज जमा केले तरी तो ग्राहकाचा व्यवहार धरला जात नाही. रोज सकाळी एकाच वेळी दोनशे जणांना जाणारा 'शुभ प्रभात'चा संदेश हा असाच व्याजाच्या नोंदीसारखा आहे. नोंद पडते, पण खातेदार आलेला नसतो.

माणसाची ही मर्यादा ओळखून उभारलेल्या योजना आपल्याकडे आहेत. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात गट १० ते २० सभासदांचा असावा असे ठरले. तारण नसताना कर्ज मिळते ते सभासद परस्परांना पूर्ण ओळखतात म्हणूनच. आपल्याच कांदिवलीत चारकोप येथे जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० च्या दशकात म्हाडाने भूखंड योजना राबविली. तेथे साधारण ३५ घरे एका मोकळ्या चौकाभोवती बसवून त्यांची एक सहकारी सोसायटी केली गेली. ३५ कुटुंबांच्या चौकात कोणाचे दार दोन दिवस उघडले नाही, हे कोणाच्या तरी नजरेस येतेच.

याचा अर्थ मोबाईल टाकाऊ आहे असा नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत औषध, धान्य व रक्तदात्यांचे निरोप त्यानेच पोचविले. परगावी गेलेल्या मुलांचा आवाज रोज ऐकू येतो तोही त्यामुळेच. मात्र निरोप पोचल्यावर उठून जाणारा माणूस हवा, आणि तो लहान वर्तुळातच तयार होतो.

म्हणून आपल्यासारख्या संस्थांनी मोठा ग्रुप सूचनांपुरता ठेवावा. सभासदांच्या घरांचे दहा-दहांचे गट पाडून प्रत्येक गटास एक कार्यकर्ता नेमावा. त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जाऊन यावे. कोण आजारी आहे, कोणाची फी भरावयाची राहिली आहे, कोण एकटे राहते, याची नोंद कार्यकारिणीपुढे ठेवावी. विद्यार्थ्यांनीही एक करून पाहावे. अडचणीच्या वेळी मध्यरात्री ज्यांना हाक मारता येईल अशी पाच नावे कागदावर लिहावीत, आणि त्या पाच जणांना आपण शेवटचे प्रत्यक्ष केव्हा भेटलो ते प्रत्येक नावापुढे मांडावे. ज्या नावापुढची तारीख सर्वांत जुनी असेल, त्या घरी येत्या रविवारी जाऊन यावे.